आधी पायावरचा भार, मग ऑक्सिजन

मधुमेही पायाची जखम हाडापर्यंत पोचली असेल आणि नीट उपचार करूनही महिनाभरात भरायचं नाव घेत नसेल, तर डॉक्टर हायपरबॅरिक ऑक्सिजन, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढीव दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, सुचवतात. लगेच तारीख ठरवू नका. मेलेली कातडी काढली का, डॉपलरने पायाचा रक्तपुरवठा तपासला का, हे विचारा. जखमेवरचा भार आधी उतरवा. प्लास्टर किंवा खास बूट वापरायला सांगितला असेल तर घरातही तो काढू नका. बधिर पाय दुखत नाही, म्हणून माणूस बिनधास्त चालतो आणि जखम रोज नव्याने चिरडते. त्यावर कितीही ऑक्सिजन दिला तरी तो पुरा पडत नाही.

नंतर जखमेशेजारच्या कातडीवर सेन्सर लावून तिथला ऑक्सिजन मोजतात. तो 40 मिलिमीटर पाऱ्याच्या खाली असेल आणि चेंबरमध्ये 200 च्या वर चढत असेल, तर गुण येण्याची शक्यता चांगली. छातीत हवा साचण्याचा आजार झाला असेल, सर्दीने कान बंद असतील किंवा कॅन्सरची औषधं चालू असतील, तर ते आधीच सांगा.

बैठकीच्या दिवशी उपाशी जाऊ नका. चेंबरमध्ये शुगर उतरते, म्हणून शिरण्यापूर्वी ती मोजायलाच हवी. कमी निघाली तर खाऊन, पुन्हा मोजून मगच आत. अंगावर फक्त सुती कपडे. डोक्याला खोबरेल तेल नको, अत्तर नको, व्हॅसलीन लावलेलं ड्रेसिंग नको. मोबाइल, लायटर, श्रवणयंत्र बाहेर. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगीचा भडका उडतो, त्यामुळे इथे भीड धरू नका, राहिलेली वस्तू स्वतःहून काढून द्या.

दाब चढू लागला की कान दडपतात. आवंढा गिळा, जांभई द्या किंवा नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंका. दुखलं तर सोसू नका, लगेच हात करा. ऑपरेटर दाब तिथेच थांबवतो. वातावरणाच्या दोन ते अडीच पट दाबाखाली साधारण 90 मिनिटं श्वास घ्यायचा असतो. त्या दाबाने ऑक्सिजन थेट रक्तद्रवात विरघळतो आणि अर्धवट कोंडलेल्या पेशींपर्यंत पोचतो. मध्येमध्ये पाच मिनिटं साधी हवा देतात, ऑक्सिजनमुळे फिट येण्याचा धोका कमी व्हावा म्हणून. आठवड्यातून पाच दिवस, एकूण 30 ते 40 बैठका.

बाहेर आल्यावर ड्रेसिंग, शुगर आणि पुन्हा तोच बूट.

2010 च्या स्वीडिश चाचणीत वर्षभराने ऑक्सिजन घेतलेल्यांपैकी 52 टक्के, तर नुसती हवा घेतलेल्यांपैकी 29 टक्के जणांच्या जखमा भरल्या. 2018 च्या डच चाचणीत मात्र ठोस फरक दिसला नाही. खर्च आणि हेलपाटे पाहता, दर पंधरवड्याला जखमेची लांबी, रुंदी, खोली लिहून ठेवा. वीसेक बैठकांनंतरही आकडा हलला नाही, तर पुढे जायचं का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. उपचारांच्या काळात लांबचं धूसर दिसलं तर नवा चष्मा करू नका. बहुतेकांची नजर काही आठवड्यांत पूर्ववत होते.