टाकाऊ वस्तूंतून विज्ञान : आधी अंदाज, मग प्रयोग



२८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की घरोघरी पुठ्ठे, रिकाम्या बाटल्या आणि फेविकॉल बाहेर निघतात. रात्री आई-बाबा मॉडेल चिकटवतात, सकाळी मूल ते सांभाळून शाळेत आणतं, टेबलावर ठेवतं आणि पाठ केलेली चार वाक्यं म्हणून दाखवतं. प्रदर्शन संपलं की ते मॉडेल कपाटावर जातं. 'टाकाऊपासून टिकाऊ' झालं खरं, पण मुलाच्या डोक्यात एकही नवा प्रश्न आला नाही.

आपल्याकडे या कामाची चांगली परंपरा आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातल्या शाळांमध्ये मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावं, हा त्याचा पाया होता. त्यातूनच अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून भूमितीचे आकार बनवायला सुरुवात केली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली. त्यांचं एक सूत्र आपण घेऊ या : मुलाला वस्तू मोडायची मुभा हवी. काचेचं महागडं उपकरण कपाटात कुलपात राहतं. पाण्याची रिकामी बाटली फाटली तर दुसरी घेता येते, म्हणून तोच प्रयोग दहा वेळा बदलून करता येतो. टाकाऊ वस्तूचा खरा फायदा हा आहे.

पण एक अट पाळा. प्रयोगाआधी प्रत्येक मुलाने वहीत तीन रकाने आखायचे : माझा अंदाज, काय दिसलं, असं का झालं असेल. अंदाज लिहिल्याशिवाय साहित्याला हात लावायचा नाही. चार-पाच मुलांचा गट पुरतो. खालचे तीन प्रयोग मुद्दाम असे निवडलेत की पाठ केलेलं उत्तर त्यात चालत नाही.

प्रयोग १ : तीन भोकांची बाटली

साहित्य : शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली, चिकटपट्टी, पट्टी, खडू, पाणी.

कृती : बाटलीला तळापासून ५, १० आणि १५ सेंमी उंचीवर सारख्याच आकाराची तीन बारीक भोकं पाडा. हे काम शिक्षकांनीच करायचं. भोकं एकाच बाजूला, पण थोडी तिरक्या ओळीत ठेवा, म्हणजे धारा एकमेकींत मिसळत नाहीत. त्यांवर चिकटपट्टी लावून बाटलीत २० सेंमीपर्यंत पाणी भरा. झाकण उघडंच ठेवा. बाटली व्हरांड्यातल्या सपाट फरशीवर ठेवून विचारा : कोणती धार सगळ्यात लांब पडेल?

मोठी मुलं छातीठोकपणे म्हणतील, "सगळ्यात खालची!" कारण पुस्तकांतल्या बऱ्याच चित्रांत तसंच दाखवलेलं असतं. आता पट्टी ओढा, वरून पाणी घालत पातळी २० सेंमीवरच ठेवा आणि धारा फरशीवर जिथे पहिल्यांदा टेकतात तिथे खडूने खूण करा. मधली धार सगळ्यात लांब, सुमारे २० सेंमीवर पडते. वरची आणि खालची जवळजवळ एकाच ठिकाणी, १७ सेंमीच्या आसपास पडतात. भोकं किती गुळगुळीत आहेत त्यावर आकडे थोडे कमी येतील, क्रम तोच राहील.

मग पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो हे खोटं का? नाही. खालच्या भोकातून पाणी सगळ्यात वेगाने निघतं, पण लगेच जमिनीला टेकतं. पुढे जायला त्याला वेळच मिळत नाही. आता हीच बाटली पालथ्या घातलेल्या बादलीच्या कडेला ठेवून पुन्हा करा. या वेळी खालची धार सगळ्यात लांब जाईल. बदललं काय? फक्त उंची. 'एका वेळी एकच गोष्ट बदलायची' हा विज्ञानातला मोठा धडा मुलांना इथे व्याख्येशिवाय मिळतो.

प्रयोग २ : मेणबत्ती आणि पेला

साहित्य : खोलगट ताट, वाढदिवसाच्या चार छोट्या मेणबत्त्या, सारख्या आकाराचे दोन काचेचे पेले, रंगीत पाणी, दोन रबरबँड.

कृती : हा प्रयोग शिक्षक किंवा पालक समोर असतानाच करायचा. ताटात मेणाने मेणबत्ती उभी करा, पाणी ओता, मेणबत्ती पेटवा आणि वरून पेला पालथा घाला. मेणबत्ती विझते, पेल्यात पाणी चढतं. पाणी जिथपर्यंत चढलं तिथे रबरबँड लावा.

याचं स्पष्टीकरण आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो : "ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी पाचव्या हिश्श्यापर्यंत चढलं." हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, त्यामुळे हे पटतंही. आता मुलांकडूनच ते तपासून घ्या. दुसऱ्या पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवा. पेला तेवढाच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. मग पाणी तेवढंच चढायला हवं ना? पण ते जास्त चढतं!

मुलांना नीट बघायला सांगा. पेला ठेवताना कडेने बुडबुडे येतात का? पाणी ज्योत जळताना चढतं की विझल्यावर भरभर चढतं? ज्योतीने आतली हवा तापते, पसरते आणि थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. तीन मेणबत्त्यांनी हवा जास्त तापते, म्हणून पाणीही जास्त चढतं. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो हे खरंच आहे, फक्त पाणी चढण्याचं मुख्य कारण ते नाही.

प्रयोग ३ : बाटली वाजवा, बाटली फुंका

साहित्य : सरबताच्या किंवा सॉसच्या एकसारख्या तीन काचेच्या बाटल्या, चमचा, पाणी.

कृती : बाटल्यांत कमी, मध्यम, जास्त असं पाणी भरा. चमच्याने हळूच वाजवा. जास्त पाण्याच्या बाटलीचा आवाज जाड येतो. मुलांनी नियम लिहून काढला की सांगा, "आता तोंडावर आडवी फुंकर मारून बघा." आता तीच बाटली बारीक आवाज काढते. क्रम पूर्ण उलटा!

वाजवताना मुख्यतः काच आणि तिच्याबरोबर आतलं पाणी कंप पावतं. पाणी जास्त तर कंप सावकाश. फुंकताना बाटलीतली हवा कंप पावते. पाणी जास्त तर हवा कमी, आणि कंप जलद. तेव्हा "आवाज कशाचा येतोय?" हा प्रश्न आधी विचारा, कारण मुलांकडूनच काढून घ्या. शहनाई आणि जलतरंग यांच्याकडे वळायला इथून सोपं जातं.

पालकांसाठी दोन गोष्टी

घरी एक खोका ठेवा : बाटल्या, झाकणं, पुठ्ठे, दोरे, जुने पेनचे भाग, रबरबँड. तडकलेली काच, फुटलेली ट्यूबलाइट, गळणारे सेल आणि कीटकनाशकाचे डबे कितीही धुतलेले असले तरी त्यात नकोत. औषधाची बाटली मोठ्या माणसाने स्वच्छ करून दिली तरच घ्या.

दुसरं, मॉडेल तुम्ही करून देऊ नका. मुलाची बाटली वाकडी दिसली तरी चालेल. फक्त विचारा, "तुला काय वाटलं होतं? झालं काय?"

शिक्षक मित्रांनो, पुस्तकातलं उत्तर आणि समोर दिसलेलं यांत फरक पडला की वर्ग आपल्याकडे बघतो. तेव्हा "प्रयोग चुकला" म्हणून आपण पुढे गेलो, तर मूल स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हेच शिकतं. त्याऐवजी म्हणा, "पुन्हा करून बघू." बाटली रिकामीच आहे, पाणीही आहे. या आठवड्यात यातला एक तरी प्रयोग वर्गात करा, आणि मुलांच्या वहीतला अंदाजाचा रकाना आवर्जून वाचा.