लघुसंगणकासाठी पेटीची निवड
तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय ४ या संगणकाचे तापमान ८० अंश सेल्सिअसला पोहोचताच त्याची चिप आपली गती स्वतःच कमी करते. पडद्यावर धडा अडखळतो आणि विद्यार्थ्यास वाटते, आपलेच काही चुकले. प्लॅस्टिकची बंद पेटी उष्णता कोंडते. पंख्याची पेटी अधिक थंडावा देते खरी; परंतु पेठसारख्या भरपूर पावसाच्या तालुक्यात तोच पंखा पावसाळ्यात दमट हवा, उन्हाळ्यात धूळ आत ओढतो. म्हणून येथे पंखा नसलेली ॲल्युमिनियमची पेटी इष्ट. मात्र चिप व धातू यांमधील उष्णतावाहक पट्टी घट्ट बसावी; हवेची बारीक फटही उष्णता अडवते. धातूमुळे वायफाय क्षीण होऊ शकते, तेव्हा केबल जोडावी. २०२३ मधील पाय ५ वर सतत जड काम असल्यास पंखा टाळू नये.