नडगी, पोटरी, टाच

मुलांनो, या वेळी गुडघ्याखालच्या पायाचे शब्द शिकू या. समोर हाताला टणक लागते ती नडगी. मागचा मांसल भाग म्हणजे पोटरी. पोटरी खाली निमुळती होत जाते आणि टाचेच्या वर चिमटीत एक जाड दोरी सापडते. ती टाचेची कंडरा. शरीरातली ही सर्वांत जाड कंडरा आहे. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा उंचवटा म्हणजे घोटा. (कणीस बाहेर पडण्याआधी ज्वारीचे ताट फुगते तेव्हा शेतकरी म्हणतात, "ज्वारी पोटरीत आली." आपल्या पोटरीवर हात ठेवा, म्हणजे कारण कळेल!)

हे शब्द आत्ताच का? ऑगस्टमध्ये इथल्या अनेक शाळांत क्रॉस कंट्रीचा सराव सुरू होतो. सुट्टीत सोफ्यावर विसावलेले पाय एकदम रोज धावू लागतात. मग काही मुलांची नडगी आतल्या कडेने दुखू लागते, काहींची टाच.

आम्ही पालक इंजिनिअर, त्यामुळे थोडे गणित हवेच. मिनिटाला १६० पावले धरली तर २० मिनिटांत ३२०० पावले होतात, म्हणजे एकेका पायाला १६०० हादरे. हादऱ्यांमुळे पाय बळकटही होतो, पण त्याला वेळ लागतो. दम लवकर वाढतो. कंडरा आणि हाड सावकाश तयार होतात. "मी अजून पळू शकतो" असे छाती सांगते, तेव्हा नडगी तयार असतेच असे नाही.

धावण्याआधी पाय ताणले की दुखापत टळते, असे पुष्कळांना वाटते. ऑस्ट्रेलियात १५३८ नव्या सैनिकांवर याचा अभ्यास झाला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. व्यायामाआधी पाय ताणणारे आणि न ताणणारे, दोन्ही गटांत दुखापती जवळजवळ सारख्याच झाल्या. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे ५३२ नवख्या धावपटूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने तयारी ८ आठवड्यांत केली, दुसऱ्याने सावकाश १३ आठवड्यांत. दोन्हींत साधारण पाचांतल्या एकाला दुखापत झाली. म्हणजे सर्वांना लागू पडेल असे कागदावरचे वेळापत्रक नाही. आपला पाय काय म्हणतो ते ऐकायचे आणि वेळेवर सांगायचे.

सांगण्यासाठी शब्द हवेत. नुसते "दुखतंय" पुरत नाही. पोटरीत गोळा येतो, घोटा मुरगळतो, सकाळी टाच आखडते, नडगी ठणकते. प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा आणि उपायही वेगळा.

आम्ही घरी पाळतो ते नियम असे:

१. सराव सुरू होण्याआधी काही आठवडे थोडे चालणे, थोडे धावणे.
२. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत.
३. आठवड्यातून एक-दोन दिवस पायांना सुट्टी.
४. भिंतीला हात टेकून टाचा सावकाश वर-खाली करायच्या, म्हणजे पोटरीला बळ येते.
५. धावताना दुखणे वाढत गेले तर तिथेच थांबायचे.

नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ आली, रात्री ठणका लागला, किंवा लंगडावे लागले, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. वाढत्या वयात टाचेच्या हाडाचा वाढणारा भागही दुखतो. तेही दाखवून घ्यावे.

पालकांनो, संघातली जागा जाईल या भीतीने मुले दुखणे लपवतात. "एवढे तर दुखणारच" हे वाक्य आपण टाळले, तर ती आपल्याला सांगतील. दोन आठवड्यांची विश्रांती परवडते, पण चीर गेलेले हाड सगळा हंगाम घेऊन जाते.

गृहपाठ: (१) आजी-आजोबांना फोन करून पायाच्या दुखण्याचे आणखी तीन मराठी शब्द विचारा. (२) 'ठणकणे', 'मुरगळणे' आणि 'आखडणे' वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा.