आखाडा सुटला, खुराक राहिला

बाविसाव्या वर्षापर्यंत मी कोल्हापुरात तालमीत होतो. पहाटे जोर-बैठका, मग लाल माती, आणि रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. त्या वेळी ते अंगी लागत होतं. पुढे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली आणि आखाडा सुटला. दूध, बदाम, रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा मात्र तसाच चालू राहिला. सेहेचाळिसाव्या वर्षी काटा 108 किलोवर गेला. गल्लीत अजून ‘पैलवान’ अशीच हाक येई, आणि ती ऐकली की मी मान खाली घालून निघून जाई.

2025 च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. जिममध्ये दुसरा विषयच उरला नाही. ओळखीच्या एका पोरानं मला सेमाग्लुटाइडचं, म्हणजे वेगोव्हीतल्याच औषधाचं, इंजेक्शन-पेन आणून दिलं. डॉक्टरची चिठ्ठी नाही, रक्ततपासणी नाही.

हे औषध आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल करतं. भूक मंदावते, पोट सावकाश रिकामं होतं. म्हणूनच आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर चार आठवड्यांनी मात्रा वाढवायची असते. मी तिसऱ्याच आठवड्यात वाढवली. मळमळ, उलट्या, दोन घास खाल्ले की पुरे. चार महिन्यांत 16 किलो उतरले आणि लोक कौतुक करू लागले. पण घरचा गॅस सिलिंडर उचलताना हात थरथरला. चरबीबरोबर कमावलेला दंडही गेला होता. मग एका रात्री उजव्या बरगडीखाली कळ आली, ती पहाटेपर्यंत थांबेना. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. वजन झपाट्यानं उतरलं की खडे होतात, हे मला डॉक्टरांकडून तेव्हा कळलं.

इंजेक्शन थांबवलं, तसं पाच महिन्यांत नऊ किलो परत आले. या औषधाच्या एका मोठ्या चाचणीतही हेच दिसलंय: औषध सोडल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं.

परत येणारच होतं, कारण माझा दिवस बदलला नव्हता. आठवड्याआड बदलणारी शिफ्ट, मोडलेली झोप, कॅन्टीनमध्ये वडा, भजी आणि साखरेचा चहा. घरापासून गेटपर्यंत मोटारसायकल. घरच्यांचीही तीच गत. आम्ही खेळलो ते पटांगण आता पार्किंग झालंय, त्यामुळे पोरं मोबाईल घेऊन बसतात. बायको सगळ्यांचं उरकून रात्री दहाला जेवते, तिला चालायला वेळ कुठून मिळणार? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली जवळपास दर चौथी स्त्री आणि जवळपास तेवढेच पुरुष जादा वजनाचे निघाले. एवढ्या माणसांचा निर्धार एकाच वेळी ढिला पडला, हे मला पटत नाही. म्हणून जाड माणसाला आळशी म्हणणं आधी बंद करा.

औषध वाईट नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या, गुडघे गेलेल्या माणसांना त्याचा मोठा आधार आहे. पण पेन ओळखीवर घेऊ नका. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. उलट्या थांबत नसतील तर सोसत बसू नका. डाळी, अंडी, उसळी खा, आणि आठवड्यातून दोनतीनदा तरी वजन उचला, नाहीतर स्नायू जातात. पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या, बाईची 80 च्या पुढे गेली की तपासणी करून घ्या, काटा काहीही सांगो.

मी आता रोज संध्याकाळी रंकाळ्यावर चालतो, रात्रपाळी असली की सकाळी. आमच्या कॅन्टीनमध्ये गेल्या महिन्यापासून बिनतेलाची मटकी आणि बिनसाखरेचा चहा मिळतो. त्यासाठी चाळीस जणांच्या सह्या घेऊन मॅनेजरकडे गेलो होतो. तुमच्या कारखान्यात, शाळेत, ऑफिसातही मागा.