आहुप्याच्या आईबापांशी

ताईंनो, दादांनो, वर्षाच्या सुरुवातीला मोबाइलवर निरोप फिरू लागतो: आरटीईचे फॉर्म सुटले, खासगी शाळेत फुकट प्रवेश. मग कुणी मजुरी बुडवून फॉर्म भरायला घोडेगाव गाठतं. एसटीत बसण्याआधी थोडं बोलू.

२००९ च्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यानं विनाअनुदानित खासगी शाळांना पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला लावल्या. प्रवेश सोडतीनं होतो आणि शाळेपासून एक ते तीन किलोमीटरच्या आतल्या घरांना प्राधान्य मिळतं. आता आपल्या गावातून तीन किलोमीटर मोजा. एका अंगाला कडा, त्याच्या पायथ्याला मुरबाड तालुका. दुसरीकडे जंगल आणि भातखाचरं. तिथं कुठली खासगी शाळा? हा हक्क लिहिताना डोळ्यांपुढं शहर होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी तो तुमच्या कामाचा आहे. कसा, ते सांगते.

आपल्याकडची किती कुटुंबं भात निघाल्यावर नारायणगाव, मंचरकडं शेतमजुरीला उतरतात! काहींनी तिथंच खोली केलीय. तुम्ही खरोखर तिथं राहत असाल आणि नोंदणीकृत भाडेकरार असेल, तर तिथल्या शाळेच्या सोडतीत तुमच्या लेकराचं नाव पडू शकतं. महादेव कोळी असोत की ठाकर, अनुसूचित जमातीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. एक लाखाची अट दुर्बल घटकासाठी आहे. जातीचा दाखला मात्र हवाच. आणि हेही ध्यानात ठेवा, फीची माफी आठवीपर्यंतच. नववीत तीच शाळा पूर्ण फी मागेल, तेव्हाचा विचार आज करा.

सोडत नाही लागली, किंवा चार महिन्यांसाठीच खाली उतरलात, तरी पोराला शेताच्या बांधावर बसवू नका. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा. प्रवेशाची मुदत संपली, जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, यातलं कुठलंही कारण सांगून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला परत पाठवता येत नाही. कायद्यात तसं लिहिलंय. वय नऊ असेल तर नऊ वर्षांच्या मुलांच्याच वर्गात बसवायचं आणि मागं राहिलेला अभ्यास शाळेनं भरून काढायचा. गुरुजी "नंतर या" म्हणाले तर अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या. तोंडी नकाराला पुरावा नसतो.

गावातच राहणाऱ्यांचा हक्क याहून मोठा आहे. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीनच्या आत देणं ही सरकारची जबाबदारी. आश्रमशाळेत राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मोफत. ते उपकार नव्हेत. वरणात पाणी किती, शिक्षक किती दिवस गैरहजर, हे विचारायला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. सभेच्या दिवशी घरातल्या बाईनंही जावं, निम्म्या जागा बायकांच्याच आहेत.

आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून शहरातल्या नामांकित इंग्रजी निवासी शाळेतही पाठवता येतं. अर्ज घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात. मी सहा वर्षांचं मूल इतक्या लांब धाडणार नाही. तुम्ही धाडणार असाल तर आधी वसतिगृह डोळ्यांनी बघून या.

खासगी शाळांतल्या त्या २५ टक्के जागांबद्दल एक सांगायचं राहिलं. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला.

जातीचा दाखला अजून काढला नसेल, तर हिरडा गोळा करण्याच्या गडबडीआधी प्रांत कार्यालयाकडं अर्ज टाका.