घरातील ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बिघडल्यास : घरी काय करावे, काय करू नये

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, देशातील अनेक कुटुंबांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेतले. त्यांतील काही यंत्रे आज सीओपीडी किंवा फुप्फुसांच्या इतर दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांसाठी वापरली जातात, तर काही वापराविना पडून आहेत. असे यंत्र बिघडले की घरातील जाणता माणूस पेचकस हाती घेतो. काही दोष घरीच दूर करता येतात, हे खरे आहे. परंतु कोणता दोष घरी हाताळावा आणि कोणता नाही, हे आधीच ठाऊक असणे आवश्यक आहे. ही माहिती त्यासाठी दिली आहे.

प्रथम रुग्ण, नंतर यंत्र

यंत्र बंद पडल्यास किंवा त्याचा इशारा वाजू लागल्यास प्रथम रुग्णाला राखीव सिलिंडर लावावा. रुग्णाचा श्वास यंत्रावर अवलंबून असताना दुरुस्तीचा प्रयत्न करू नये. सिलिंडर सुरू झाल्यावर रुग्णाला बसते करावे आणि पल्स ऑक्सिमीटरने ऑक्सिजनची पातळी मोजावी. बोट थंड असल्यास, किंवा नखांवर रंग वा मेंदी असल्यास मापन चुकू शकते. अशा वेळी दुसऱ्या बोटावर मोजावे.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास यंत्राचा विचार बाजूला ठेवून तत्काळ ११२ या क्रमांकावर किंवा आपल्या राज्यातील रुग्णवाहिका सेवेला दूरध्वनी करावा :

• पातळी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली जाणे
• ओठ किंवा नखे निळसर होणे
• एक वाक्यही सलग बोलता न येणे
• अकारण गुंगी येणे, बोलण्यात असंबद्धता येणे

यंत्राचे कार्य

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. कॉन्सन्ट्रेटरमधील कॉम्प्रेसर खोलीतील हवा ओढून ती दाबाखाली झिओलाइट नावाच्या खनिजाच्या कणांनी भरलेल्या नळकांड्यांतून पाठवतो. हे कण नत्रवायू धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. एक नळकांडे नत्रवायू शोषत असताना दुसरे तो बाहेर टाकत असते. म्हणूनच यंत्रातून ठरावीक अंतराने फुस्स असा आवाज येतो. सुस्थितीतील यंत्र अशा रीतीने साधारण ९० ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देते. यंत्र सुरू केल्यावर ही शुद्धता येण्यास काही मिनिटे लागतात.

बुडबुडे म्हणजे शुद्धता नव्हे

बाटलीत बुडबुडे येत असतील तर यंत्र ठीक आहे, असा समज सर्वत्र आढळतो. बुडबुड्यांवरून आणि प्रवाहमापकातील गोळीवरून केवळ वायू वाहत असल्याचे कळते. त्या वायूत ऑक्सिजन किती, हे कळत नाही. झिओलाइट निकामी झाले तरी बुडबुडे पूर्वीसारखेच येतात, परंतु रुग्णाला मिळणारा वायू साध्या हवेच्या जवळ गेलेला असतो. शुद्धता दाखवणारा दिवा पिवळा किंवा लाल झाल्यास, अथवा नेहमीच्या प्रवाहावर रुग्णाची पातळी खाली राहू लागल्यास, शुद्धता कमी झाल्याची शंका घ्यावी. शुद्धता ऑक्सिजन विश्लेषक या उपकरणाने मोजली जाते. ही तपासणी अधिकृत सेवा केंद्राकडून ठरावीक काळाने करून घ्यावी.

घरी तपासण्याच्या व दुरुस्त करण्याच्या गोष्टी

रुग्ण सिलिंडरवर सुरक्षित असताना पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. वीज : प्लग सैल नाही ना, त्या सॉकेटवर दुसरे उपकरण चालते का, हे पाहावे. कॉन्सन्ट्रेटर थेट भिंतीवरील सॉकेटला जोडावा; साधी एक्स्टेंशन वायर वापरू नये. विजेचा दाब वारंवार कमी-जास्त होत असल्यास योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावावा.

२. जागा : यंत्र भिंत, पडदा आणि पलंगापासून किमान ३० सेंटिमीटर दूर, उभे ठेवावे. हवा कोंडल्यास यंत्र तापून आपोआप बंद पडते. तसे झाल्यास बटण बंद करून ते पूर्ण थंड होऊ द्यावे.

३. बाहेरील जाळी : हवा आत घेणारी स्पंजाची जाळी धुळीने भरल्यास कॉम्प्रेसरवर ताण येतो. ती आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावी. ओली जाळी बसवू नये आणि जाळीवाचून यंत्र चालवू नये. आतील बारीक फिल्टर धुण्याजोगे नसतात. ते सेवा केंद्राकडून बदलून घ्यावेत.

४. पाण्याची बाटली : झाकण तिरके बसल्यास तेथूनच ऑक्सिजन गळतो. बाटली काढून झाकण सरळ आटे धरून घट्ट करावे. त्यानंतर बाटलीतून निघणारी नळी क्षणभर चिमटीत दाबावी. बाटलीच्या सुरक्षा झडपेतून शिट्टीसारखा आवाज आल्यास झाकण नीट बसले आहे. आवाज न आल्यास गळती आहे असे समजावे. बाटलीत ऊर्ध्वपातित किंवा उकळून थंड केलेले पाणी खुणेपर्यंतच भरावे आणि ते रोज बदलावे.

५. नळी : नळीला मुरड पडली आहे का, ती खुर्चीच्या पायाखाली दबली आहे का, तिच्यात पाणी साचले आहे का, हे पाहावे. नाकात घालायची टोके स्वच्छ पाण्याच्या पेल्यात बुडवावीत. बुडबुडे न आल्यास वायू मध्येच अडला किंवा गळला आहे. कडक झालेली, चिरलेली किंवा पिवळी पडलेली नळी चिकटपट्टीने जोडू नये, नवी लावावी.

६. प्रवाह : प्रवाहमापक डोळ्यांच्या पातळीवर आणून गोळीचा मध्य डॉक्टरांनी सांगितलेल्या रेषेवर आहे का, हे पाहावे. धाप वाढली म्हणून प्रवाह स्वतःहून वाढवू नये. सीओपीडीच्या काही रुग्णांत जादा ऑक्सिजनमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येऊ शकते.

येथवर दोष न सापडल्यास घरची दुरुस्ती संपली असे मानावे.

यंत्राचे आवरण उघडू नये

प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो आणि जोराचा धक्का बसू शकतो. झिओलाइटला दमट हवा लागल्यास त्याची शोषणशक्ती जाते. कॉम्प्रेसरला किंवा जोडांना तेल वा ग्रीस लावल्यास ते ऑक्सिजनच्या सान्निध्यात पेट घेऊ शकते. इशारा वाजवणारी तार तोडल्याने आवाज थांबतो, बिघाड तसाच राहतो आणि रात्री झोपेत तो कोणाच्या लक्षातही येत नाही. फ्रीज किंवा पंखा दुरुस्त करणारा कारागीर कितीही कुशल असला, तरी शुद्धता मोजण्याचे उपकरण नसल्यास त्याने चालू केलेले यंत्र योग्य ऑक्सिजन देते की नाही, हे त्यालाही सांगता येणार नाही.

आगीपासून सावधगिरी

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, परंतु इतर वस्तू त्यामुळे झपाट्याने पेटतात. यंत्र व रुग्ण यांच्यापासून चूल, गॅसची शेगडी, समई, उदबत्ती किमान ३ मीटर दूर ठेवावी. त्या खोलीत विडी-सिगारेट ओढू नये. नाक कोरडे पडल्यास पेट्रोलियम जेली लावू नये. पाण्याचा अंश असलेले मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावे. नळी काढल्यावरही कपडे व अंथरुणात ऑक्सिजन काही काळ राहतो. म्हणून रुग्णाने त्यानंतर किमान अर्धा तास विस्तवाजवळ जाऊ नये.

पर्यायी व्यवस्था

बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर प्रवाहावर तो सुमारे साडेबारा तास पुरतो, तर ५ लिटर प्रवाहावर केवळ ५ तास. सिलिंडर वैद्यकीय ऑक्सिजनचाच असावा आणि तो उभा, साखळीने बांधून ठेवावा. रेग्युलेटर व चावी त्याच्याजवळच ठेवावी आणि ती लावण्याची पद्धत घरातील किमान दोघांना यावी. महिन्यातून एकदा दाबमापक पाहावा.

५ लिटर क्षमतेचे यंत्र साधारण ३०० ते ३५० वॉट वीज घेते. १५० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर ते सुमारे ३ तास चालेल. बॅटरी जुनी असल्यास त्याहून कमी. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. पडून असलेले यंत्र रुग्णाला लावण्यापूर्वी त्याची शुद्धता तपासून घ्यावी.

तक्रार कोठे करावी

१ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यांच्या कक्षेत आली आहेत. उपकरणामुळे रुग्णाला इजा झाल्यास किंवा होता होता टळल्यास भारतीय औषधकोश आयोगाच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवता येते. आपले डॉक्टर यात साहाय्य करू शकतात. हमीकाळातील सेवा नाकारली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. यंत्राचा अनुक्रमांक, खरेदीची पावती आणि बिघाडाची तारीख जवळ ठेवावी.

डॉक्टरांनी ठरवलेला प्रवाह, ऑक्सिजनची किमान पातळी, सेवा केंद्राचा व सिलिंडर भरून देणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो यंत्राजवळील भिंतीवर आजच लावावा.