खेळातून हाताचा व्यायाम : रोबो आणि व्हिडिओ गेम



व्हिडिओ गेम म्हटले की घरात वाद ठरलेला. पण याच खेळांचा उपयोग लुळा पडलेला हात पुन्हा चालवण्यासाठी होतो, हे तुमच्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाल्यानंतर बरखेड्यात जी पिढी आली, ती आता वृद्ध झाली आहे. ज्याला भोपाळात आपण सर्रास 'लकवा' म्हणतो, त्या पक्षाघाताशी अनेक घरांची गाठ पडते. म्हणून आजचा पाठ या विषयावर.

हात का थांबतो?

पक्षाघातात हात बिघडत नाही, बिघडतो तो मेंदू. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे बंद होतो किंवा रक्तवाहिनी फुटते. त्या भागातील पेशी मरतात आणि हाताला हुकूम देणारा कोणी राहत नाही. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवा हात जातो, उजव्या मेंदूला झाली तर डावा.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण शेजारचे भाग काही प्रमाणात ते काम शिकू शकतात. मात्र मेंदू ऐकून शिकत नाही, करून शिकतो, आणि तेही पुन्हा पुन्हा करून. २००९ साली अमेरिका व कॅनडातील ३१२ उपचार-बैठकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात दिसले की एका बैठकीत रुग्ण कमजोर हाताने उपयोगाची हालचाल सरासरी फक्त ३२ वेळा करतो. ३२ वेळा गिरवून कोणाचे अक्षर सुधारले आहे का?

रोबो काय करतो?

येथे रोबो म्हणजे सिनेमातला चालता-बोलता यंत्रमानव नव्हे. टेबलाजवळ बसवलेला, मोटरवर चालणारा तो एक यांत्रिक हात असतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्स यांनी १९८९ पासून असे एक यंत्र विकसित केले. त्याचे नाव 'एमआयटी-मानुस'. रुग्ण त्याची मूठ धरतो आणि समोरच्या पडद्यावरचा ठिपका ठरलेल्या जागी नेतो. हा झाला व्हिडिओ गेम. हात अडला तर यंत्र हलकेच ढकलते, हात स्वतः चालला तर गप्प राहते.

आपल्या शाळेतली गोष्ट घ्या. बाई लहान मुलाचा हात धरून पाटीवर 'अ' गिरवून घेतात, आणि हळूहळू पकड सैल करतात. बाईंनीच शेवटपर्यंत हात चालवला तर अक्षर बाईंचे होईल, मुलाचे नाही. चांगला रोबो हेच जाणतो. एका बैठकीत तो एक हजारावर हालचाली करवून घेऊ शकतो, न थकता आणि न रागावता. खेळामुळे गुण दिसतात, म्हणून रुग्णालाही कंटाळा कमी येतो.

आपल्या देशातील उदाहरण

वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून 'प्लूटो' नावाचे छोटे यंत्र तयार केले आहे. त्यात मोटर एकच. मुठी मात्र बदलता येतात. एक मूठ मनगटासाठी, एक हात उलटा-सुलटा करण्यासाठी, एक बोटांची पकड उघडण्या-मिटण्यासाठी. टेबलावर मावत असल्यामुळे ते रुग्णांच्या घरी ठेवूनही वापरून पाहिले गेले.

हे काम वेल्लोरला व्हावे यात नवल नाही. तेथील डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ साली मोटार अपघातात कायमचे अपंगत्व आले, कमरेखालचे शरीर निकामी झाले. तरी चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्याच प्रयत्नांनी १९६६ मध्ये तेथे पुनर्वसन संस्था उभी राहिली.

परीक्षेचा निकाल

रोबोलाही परीक्षा द्यावी लागते. २०१० साली अमेरिकेतील १२७ माजी सैनिकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. रोबोने करवून घेतला तितकाच कसून व्यायाम माणसाने करवून घेतला, तेव्हा दोघांच्या निकालात विशेष फरक दिसला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधील ७७० रुग्णांचा निकाल आला. हाताची हालचाल काहीशी सुधारली, पण रोजच्या कामांत हाताचा उपयोग नेहमीच्या उपचारांपेक्षा वाढला नाही. कारण समजण्यासारखे आहे. पडद्यावरचा ठिपका सरकवणे आणि पेला उचलून पाणी पिणे ही दोन वेगळी कामे आहेत. जे काम परत हवे, त्याचाच सराव हवा.

२०१६ चा निकाल तर आपल्या सर्वांसाठी महत्त्वाचा आहे. १४१ रुग्णांपैकी काहींना 'वी' हा व्हिडिओ गेम दिला, तर काहींना पत्ते, चेंडू असे साधे खेळ. दोन्ही गटांत सुधारणा जवळजवळ सारखीच झाली.

यावरून आपण काय शिकायचे? यंत्र हे साधन आहे. गुण यंत्राचा कमी, प्रयत्नाचा जास्त. म्हणून 'रोबो परवडत नाही' म्हणून निराश होऊ नये आणि 'रोबोने हमखास बरे होईल' या जाहिरातीला भुलून साठवलेला पैसाही घालवू नये.

घरी काय करावे?

१. प्रथम फिजिओथेरपिस्टना विचारून कोणती हालचाल, किती वेळा, हे ठरवून घ्यावे.

२. रुग्णाला उठवताना कमजोर हात धरून ओढू नये. खांदा निखळू शकतो.

३. मटार सोलणे, पत्ते पिसणे, कपड्यांचे चिमटे लावणे-काढणे, रुमालाची घडी घालणे, ही कामे त्याच हाताने करू द्यावीत. वेळ लागला तरी चटकन आपण करून टाकू नये.

४. नातवंडांनी हालचाली मोजाव्यात आणि रोजचा आकडा कालनिर्णयवर लिहावा. काल ४०, आज ४५, हाच आपला 'स्कोअर'.

५. हात दुखला किंवा सुजला तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.

आणि एक गोष्ट पाठच करा. एकाएकी तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर मालिश करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही जितके लवकर तितके चांगले.

स्वाध्याय

१. उजवा हात लुळा पडला तर मेंदूच्या कोणत्या बाजूला इजा झाली असेल?

२. यंत्रानेच सगळी हालचाल केली तर रुग्णाला फायदा का होणार नाही?

३. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या ज्या आजी-आजोबांचा हात कमजोर आहे, त्यांच्याबरोबर या रविवारी अर्धा तास पत्ते खेळा. डाव कोण जिंकले ते सांगू नका. त्यांनी त्या हाताने किती पाने टाकली ते मोजून वहीत लिहून आणा.